चौथी पेशी

पिंपळगाव राजाच्या उत्तमराव टिकारांची सुलभा खामगावच्या कॉलेजात खेकड्यांचं रक्त काढते, ही बातमी गावात पोचली तेव्हा पारावर पहिला सवाल निघाला, की खेकड्याला रक्त असतं तरी का? आषाढात नाल्यातले खेकडे धरून झणझणीत रस्सा करणारं गाव ते. पण खेकडा फोडताना लाल थेंब कोणाच्या बोटाला कधी लागला नव्हता. उत्तमरावांनाही खरं म्हणजे ठाऊक नव्हतं. पण पोरीची बाजू सोडतील ते उत्तमराव कसले!

"असते म्हंजे असते," ते ठासून म्हणाले. "नसतं तं पोरगी काढते काय? कॉलेजनं का उगाच पानी पाहाले दुर्बीण देली तिले?"

आणि रविवारी सुलभा एस.टी.नं घरी आली, तेव्हा तिला गोठ्याकडे बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "असते नं वं?"

"असते बाबा," सुलभा हसली. "पन लाल नसते. पान्यासारखं असते, हवा लागली का निळसर पडते."

"निळं?" उत्तमराव एकदम खूश झाले. "म्हंजे किस्नाच्या रंगाचं!" आणि ते तडक पाराकडे निघाले.

सुलभा त्या गावातली एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी. मुलगी कशाला, पहिलं माणूस. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नागपूरहून प्राणिशास्त्र शिकून ती परतली आणि खामगावच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली. आता शिक्षण संपलं, आता स्थळं पाहू, असं तिच्या आईला, मनकर्णाबाईंना वाटलं होतं. तेवढ्यात पोरीनं पीएच.डी.चं काढलं.

"आनखी काय शिकाचं राह्यलं वं माय?" मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला.

"खेकडा राह्यला," सुलभा म्हणाली. 

तिचे मार्गदर्शक होते नागपूरचे डॉ. अनंत डोणगावकर. मूळचे याच जिल्ह्यातले, पण विद्यापीठात आयुष्य काढलेले. उंच, किडकिडीत, बोलायला तुटक. बिनकण्याच्या प्राण्यांच्या रक्तावर त्यांच्याइतकं काम आपल्याकडे फार थोड्यांनी केलं होतं. माणसाच्या रक्तात जशा पेशी असतात तशा खेकड्याच्याही असतात. फक्त तांबडी त्यात एक नाही. जखम झाली तर रक्त थिजवायचं, आत शिरलेला जंतू गिळायचा, जुनं कवच टाकून नवं घालायच्या वेळी हातभार लावायचा, ही सगळी कामं त्या पेशींची. या पेशींचे चार प्रकार आहेत, असं डोणगावकर सरांनी तरुणपणी एका शोधनिबंधात मांडलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचे सगळे विद्यार्थी चारच मोजत आले होते.

सुलभाला शोधायचं होतं ते पुढचं. खेकडा कात टाकतो त्या दिवसांत यांतले कोणते प्रकार वाढतात, कोणते कमी होतात? त्यासाठी मायक्रोस्कोपखाली दिसेल त्या प्रत्येक पेशीला ओळखून तिच्या तिच्या रांगेत बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. खळ्यावर ज्वारी, तूर, मूग एकत्र सांडले तर आपल्या घरची बाई बोलता बोलता ते निवडून वेगळे करते. पण ज्वारी काही निवडता निवडता फुटत नाही, विरघळत नाही. खेकड्याच्या पेशी फुटतात.

पायाच्या सांध्याजवळ खेकड्याचं कवच नसतं, नुसती मऊ कातडी असते. तिथं सुई घालून थेंबभर रक्त ओढायचं. सुई बाहेर आली की घडीभरात रक्त थिजायला लागतं. सुरुवातीला सुलभाच्या सगळ्या काचा वाया गेल्या. वर नुसता गाळ दिसायचा. हळूहळू हात बसला. मग सिरिंजमध्ये आधीच फॉर्मॅलिन घातलेलं मिठाचं पाणी घेऊन रक्त त्यात ओढायला ती शिकली. त्या पाण्यानं पेशी होती तशी जागच्या जागी धरली जायची. ते पाणी हाताशी नसलं, की कोऱ्या सिरिंजनंच घाईघाईनं भागवायची. काच वाळवायची, रंग द्यायचा, नीट स्वच्छ दिसावं म्हणून सीडरवुडच्या तेलाचा थेंब टाकायचा, आणि खिडकीच्या उजेडाकडे मायक्रोस्कोपचा आरसा फिरवून डोळा लावायचा.

आणि मग काय दिसायचं! सुलभाला पहिल्यांदा नीट दिसलं त्या दिवशी ती जेवायला जायची विसरली. काही पेशी अगदी नितळ, मध्ये तेवढा गडद गोळा. काहींत बारीक कण्या विखुरलेल्या. आणि काही अशा टच्च दाण्यांनी भरलेल्या, की भरल्या कणसाची आठवण यावी. नितळ, कणीदार, दाणेदार. तिनं मनातल्या मनात त्यांना ही नावं देऊन टाकली. सरांच्या निबंधातली पुस्तकी नावं वहीत लिहायची, पण ओळखायची ती याच नावांनी.

राहिला चौथा प्रकार. सरांच्या निबंधात त्याचं चित्र होतं. मोठी, पसरट, फिकी पेशी. कडा फाटक्या, आत काही नाही. सुलभाला ही पेशी दिसायची, पण तिचा काही नेमच नव्हता. एखाद्या दिवशी काचभर तीच ती. एखाद्या दिवशी औषधाला नाही. अखेर एकदा तर एकाच खेकड्याच्या सकाळच्या काचेवर ती खंडीभर निघाली आणि दुपारच्या काचेवर एकही निघाली नाही. सुलभा दोन्ही काचा आळीपाळीनं पाहत बसली. खेकडा तोच, हात तोच, रंगाची बाटली तीच. चार तासांत एवढ्या पेशी गेल्या कुठं?

दिवाळीच्या सुट्टीत त्या दोन्ही काचा कापसात गुंडाळून ती नागपूरला गेली. सरांनी एक काच पाहिली, दुसरी पाहिली.

"मिस टिकार, तुमचा हात अजून बसलेला नाही," ते म्हणाले. "चौथा प्रकार आहे. मी तो पाहत आलोय. तुमच्या दुसऱ्या काचेवर नाही, कारण तुम्ही तो धुवून टाकला असेल. पुन्हा करा."

बाहेर व्हरांड्यात उद्धव भेटला. तोही सरांचाच विद्यार्थी, गोगलगाईंवर काम करणारा, मनाचा चांगला. तिचा चेहरा पाहून त्यानं सल्ला दिला. "एवढं काय मनाला लावून घेता? चौथ्या रांगेत थोडे आकडे टाकून द्या. सरांना चौथा प्रकार हवाय ना, मग असू द्या की. प्रबंध अडायला नको."

सुलभाला रागाची तिडीक आली. "न दिसलेलं टाकू?"

"सगळेच टाकतात थोडंफार."

"मी नाही टाकायची," ती म्हणाली, आणि तडक स्टेशनकडे चालू लागली. गाडीत मात्र तिला काळजी वाटायला लागली. सर म्हणजे या विषयातला शेवटचा शब्द. ते नाही म्हणाले तर प्रबंधाला दुसरा कोण हो म्हणणार? तरीही एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. दुपारची ती काच तिनं धुतली नव्हती.

गोष्ट उलगडली ती तिच्या शिकवण्याच्या घंटेमुळं. एका सकाळी तिनं कोऱ्या सिरिंजमध्ये रक्त ओढलं आणि तेवढ्यात पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकलची घंटा झाली. सिरिंज तशीच टेबलावर ठेवून ती मुलांना झुरळ दाखवायला गेली. परत येऊन त्या रक्ताची काच केली, तर चौथ्या प्रकाराचं नुसतं रान माजलेलं. आणि दाणेदार पेशी? शोधून शोधून थोड्याच. सुलभा स्टुलावर बसली आणि तिला त्या दोन काचा आठवल्या: सकाळची कोऱ्या सिरिंजची, दुपारची फॉर्मॅलिनची. फॉर्मॅलिनच्या पाण्यात घेतलं, की चौथी नाही आणि दाणेदार भरपूर. नुसतं घेऊन ठेवलं, की दाणेदार नाहीत आणि चौथी भरपूर. खेकड्याच्या अंगात चौथी पेशी नव्हतीच तर? ती बाहेर आल्यावर, काचेवर तयार होत होती?

तर्क चांगला होता, पण तर्कानं डोणगावकर सर हलणार नव्हते. ते घडताना डोळ्यांनी पाहायला हवं होतं.

त्याच आठवड्यात उत्तमराव खेकडे घेऊन आले. बाजाराच्या दिवशी खामगावला यायचं झालं की ते ओल्या गोणपाटात खेकडे गुंडाळून बादलीतून आणत आणि कॉलेजच्या पायऱ्या रुबाबात चढत. सुलभा रक्त काढून झालं की खेकडे टाकीत ठेवी, आणि ते बरे झाले की उत्तमरावच त्यांना परत नाल्यात सोडत. "सुई टोचलेले खात नाई आपन," असा त्यांचा नियम होता.

त्या दिवशी सुलभानं त्यांच्या हातून बादली घेतली, एक खेकडा काढला, जिवंत रक्ताचा थेंब काचेवर घेतला, त्यात किंचित लाल रंग सोडला, वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला.

"काय करून राह्यली वं?" उत्तमराव म्हणाले.

"बोलू नका बाबा. हालू नका."

उत्तमराव श्वास रोखून उभे राहिले. सुलभानं एक दाणेदार पेशी धरली आणि तिच्यावरून नजर हलवली नाही. आधी काहीच झालं नाही. मग पेशीच्या कडेला एक बारीक फुगवटा आला. आतले दाणे थरथरल्यासारखे झाले. आणि एकाएकी एकामागून एक दाणे विझत गेले, पेशी फसकन पसरली, कडा फाटल्या, आणि जिथं भरलं कणीस होतं तिथं एक मोठी, फिकी, रिकामी पेशी पडून राहिली. तीच. निबंधातल्या चित्रातली. कोणी उचलून चिकटवावी इतकी हुबेहूब.

तिनं काच किंचित सरकवली, दुसरी दाणेदार पेशी मधोमध आणली आणि वडलांना दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

"बाबा, तो मधातला दानेदार गोया दिसते का? त्याच्यावरून नजर काढू नका."

उत्तमरावांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला. बराच वेळ गेला. आणि मग ते केवढ्यानं तरी ओरडले, "अवं, हा तं बोंडावानी फुटला!"

कपाशीचं बोंड! सुलभा खळखळून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "हाव बाबा," ती म्हणाली, "बोंडच फुटलं."

"मंग रडतं काऊन?"

"रडत नाई मी," डोळे पुसत सुलभा म्हणाली.

पुढचे कितीतरी दिवस तिनं हेच पुन्हा पुन्हा पाहिलं. नर खेकड्यात, मादीत, कात टाकलेल्यात, न टाकलेल्यात. दर वेळी दाणेदार पेशीच फुटून चौथी व्हायची. आता राहिला एकच माणूस.

मार्चात विद्यापीठाच्या प्रॅक्टिकल परीक्षेसाठी डोणगावकर सर खामगावला आले. परीक्षा आटोपल्यावर चहाचा कप हातात असताना सुलभानं विचारलं, "सर, एक जिवंत थेंब पाहाल? थोडा वेळ बसावं लागेल."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "दाखवा."

सुलभानं थेंब घेतला, पेशी शोधून दिली. सर वाकले. मिनिट गेलं, दोन गेली. पेशी ढिम्म. कॉलेजचा शिपाई सहदेव कप न्यायला आला होता, तोही दारात थबकला. सुलभाला वाटलं, आज नेमकी ही दगा देणार. सर डोळा बाजूला घेणार इतक्यात त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "सिरिंज द्या. मी घेतो."

त्यांनी स्वतः खेकडा धरला, स्वतः रक्त घेतलं, स्वतः पेशी निवडली. पुन्हा तेच. मग फॉर्मॅलिनच्या पाण्यात घेऊन पाहिलं. चौथी एकही नाही. मग पुन्हा जिवंत थेंब. सूर्य खिडकीतून सरकत चालला, तशी सुलभा आरसा फिरवून देत राहिली. अखेर सर उठले आणि व्हरांड्यात गेले. तिथं कठड्याला हात टेकून, पाठमोरे, ते बराच वेळ उभे होते. सुलभा आत काचा पुसत राहिली. त्या वेळी तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी सांगितल्यासारखं वाटत होतं.

सर आत आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. नागपुरात, वर्गात कधी न ऐकलेली बोली त्यांच्या तोंडी होती. "चुकलो बाप्पा मी," ते म्हणाले. "इतके वर्षं मी फुटलेले घरं मोजून राह्यलो होतो, आन् म्हणत होतो का हे नवीन वस्ती आहे."

"सर, तेव्हा—"

"तेव्हा काय होतं, नव्हतं, ते राहू द्या." ते पुन्हा नेहमीसारखे झाले. "निबंध लिहा. प्रकार तीन. चौथा का दिसतो तेही लिहा. सगळं तुमच्या नावानं."

"आपल्या दोघांच्या नावानं, सर."

"नाही. माझं नाव जुन्या निबंधावर आहे, तिथंच ते बरं आहे. ती चूक मी माझ्या हातानं दुरुस्त करीन. हे पाहिलं तुम्ही." त्यांनी टोपी उचलली, दारापर्यंत गेले आणि वळले. "त्या दिवशी मी म्हणालो होतो, तुमचा हात बसला नाही. तेही चुकलोच."

त्या रविवारी सुलभानं आपल्या वर्षभराच्या जुन्या काचा काढल्या. कोऱ्या सिरिंजनं घेतलेल्या सगळ्या आता कुचकामी होत्या. कात टाकण्याच्या एका पूर्ण हंगामाची मेहनत. तिनं त्या एकेक करून साबणाच्या पाण्यात सोडल्या आणि घासून लख्ख केल्या. हात दुखून आले, पण मन इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून.

निबंध वाचायचा होता पुण्याच्या एका परिषदेत, हिवाळ्यात. जळंबला गाडी बदलून, भुसावळ, मनमाड करत ती पोचली. मोठं सभागृह, पुढच्या रांगांत कोट घातलेली माणसं, बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सुलभानं इंग्रजीत निबंध वाचला. सुरुवातीला आवाज कापत होता. पेशी फुटते त्या जागेपाशी आली तेव्हा कापायचा थांबला. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, तिथं घाबरण्यासारखं काही नव्हतं.

वाचन संपलं आणि मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "या कन्येचा उत्साह स्तुत्य आहे," ते म्हणाले, "पण खेकड्याच्या रक्तपेशींचे चार प्रकार डोणगावकरांसारख्या अधिकारी माणसानं कधीच सिद्ध केले आहेत. खामगावच्या प्रयोगशाळेतली साधनं लक्षात घेता, थोडी सावधगिरी बाळगायला हरकत नव्हती."

सभागृहात कुजबुज झाली. सुलभानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच पुढच्या रांगेत एक उंच, किडकिडीत आकृती उभी राहिली.

"मी डोणगावकर," सर मागं वळून म्हणाले. "डोणगावकर चुकला होता. खामगावच्या त्याच प्रयोगशाळेत, त्याच साधनांवर, माझ्या हातानं रक्त घेऊन मी पाहून आलोय. प्रकार तीन आहेत. ज्यांना शंका असेल त्यांनी मिस टिकारांकडून रक्त कसं घ्यायचं ते शिकून घ्यावं. मीही शिकलो."

ते खाली बसले. मग कुठूनतरी टाळी वाजली, आणि पाठोपाठ सगळं सभागृह वाजू लागलं. शंका काढणारे गृहस्थही टाळ्या वाजवत होते. सुलभा व्यासपीठावर उभी होती आणि तिला सरांचा फक्त पांढऱ्या केसांचा माथा दिसत होता. एवढ्या माणसांत उठून स्वतःची चूक अशी ताठ मानेनं सांगणारा माणूस आपला गुरू आहे, याचा तिला झालेला अभिमान स्वतःच्या निबंधाच्या अभिमानाहून कणभरही कमी नव्हता.

चहाच्या वेळी तिच्याभोवती माणसं जमली. पुण्याच्या एका कॉलेजातल्या शरयू नावाच्या प्राध्यापिका गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांचं काम कोळंबीवर होतं, आणि त्यांच्याही काचांवर अशीच एक फिकी पेशी दिसत होती.

"पेशी फुटायच्या आत धरायची कशी, ते दाखवाल का?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही कुठल्या हो? खामगावच्याच का?"

"खामगावात नोकरी आहे," सुलभा म्हणाली. "मी पिंपळगाव राजाची. तिथं आमची शेती आहे. या कामाचे सगळे खेकडे माझ्या वडलांनी धरून दिले." आणि मग बोलायच्या भरात तिला आपल्या बोलीचं भान राहिलं नाही, राहावं असं वाटलंही नाही. "चला, सिरिंज कोठी हाय? आत्ताच दाखवतो तुम्हाले."

दोघी प्रयोगशाळा शोधत निघाल्या, आणि डोणगावकर सर हातातला चहा टाकून त्यांच्या मागोमाग आले.